गडग्यावरून काढलेला फोटो

थर्झा मॉन्सीनं उभं आयुष्य रेवन्सडेलच्या खोऱ्यात टपाल वाटलं, पण तिची ओळख सांगताना कुणी टपालाचं नाव काढत नसे. ‘आमची फोटोवाली’ एवढं म्हटलं की पुरे. खोऱ्यातल्या कुठल्याही घरात शिरा, शेकोटीवरच्या फळीवर तिनं काढलेला एखादा फोटो असायचाच. कमानीचा जुना पूल, बर्फाखाली वाकलेलं होडीघर, नाहीतर तळ्याकाठचं लहानसं चर्च. माणसांचे फोटो ती काढत नसे. म्हणायची, “माणसं हलतात, आणि वर विचारतात, मी खरंच अशी दिसते का? डोंगर नाही विचारत.”

कॅमेरा वडिलांचा होता, लाकडी, भात्याचा. तिपाईवर चढवायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि वाट बघायची. पाणी झोपल्याशिवाय ती फोटो घेत नसे. तळ्यावर एक सुरकुती असली तरी थांबायची. एखाद्या दिवशी टपालाला उशीर झाला आणि कुणी विचारलंच, तर “वारा पडला होता” एवढंच सांगायची. रेवन्सडेलमध्ये हे कारण चालत असे.

ऑगस्टमध्ये गावचं प्रदर्शन भरे. कुरणात तंबू लागत, एकीकडे मेंढ्या, दुसरीकडे जॅमच्या बरण्या आणि मधल्या तंबूत फोटो. पहिला आलेला फोटो गावच्या सभागृहात कायमचा लागायचा. थर्झा तरुणपणापासून दरवर्षी फोटो ठेवत आली होती, पण पहिली कधी आली नव्हती. परीक्षक बाहेरचे असत, त्यांना तांबडेलाल सूर्यास्त आवडत. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. त्या वर्षी मात्र वाटत होतं. चर्चचा घंटेचा मनोरा तडकला होता आणि हिवाळ्याआधी घंटा उतरवायचं ठरलं होतं. घंटा वर असतानाचं चर्च सभागृहाच्या भिंतीवर राहावं, ही तिची इच्छा होती. बोलून दाखवली नव्हती, पण सगळ्या गावाला माहीत होती.

आणि त्या वर्षी पहिल्या नंबरचं लाल कार्ड तिच्या फोटोला लागलं.

फोटो तिला हवा तसाच होता. अख्खं चर्च, खाली पाण्यात तेच चर्च, आणि मागच्या कड्याच्या खाचेत, मोकळ्या आभाळात, एकटी लटकलेली घंटा. लोक पुढ्यात येऊन थबकत होते. थर्झा तंबूच्या दाराशी उभी राहून चहा पीत होती आणि आपण तिकडे बघतच नाही असं दाखवत होती.

तेवढ्यात आयझॅक बर्केट आला. मेंढपाळ, कुरणांच्या कडेचे दगडी बांध, म्हणजे गडगे, रचणारा, प्रदर्शनाच्या समितीतला सगळ्यात जुना माणूस. थर्झाच्या वर्गात होता आणि तेव्हापासून तिच्याशी वाद घालत होता. तो फोटोला नाक लावून उभा राहिला आणि वळून म्हणाला, “लेटिस, हे कार्ड काढावं लागेल.”

लेटिस डकेट समितीची चिटणीस. तिच्या हातातला केक तसाच राहिला. “का बाबा? आता काय झालं?”

“नियम काय आहे? फोटो गावच्या शिवेच्या आत उभं राहून काढलेला पाहिजे. आपल्या काठावरून अर्धं चर्च झाडांआड जातं. अख्खं दिसायचं तर शेजारच्या किर्कबेकच्या हद्दीत जावं लागतं. ही गेली होती.”

“मी किर्कबेकमध्ये पाऊल टाकलं नाही,” थर्झा म्हणाली.

“मग उडत होतीस?”

“गडग्यावर उभी होते. पाण्यातल्या टोकावर.”

तंबूत हशा पिकला. आयझॅक हसला नाही. “दाखव,” म्हणाला.

मग काय, निम्मं प्रदर्शन तळ्यावर गेलं. किर्कबेकचे चार लोक मेंढ्या घेऊन आले होते, तेही मागून मजा बघायला निघाले. दोन गावांमधला गडगा डोंगरावरून उतरतो तो थेट पाण्यात शिरतो. नाहीतर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मेंढ्या टोकाला वळसा घालून परक्या कुरणात जायच्या. थर्झा बूट काढून, कॅमेरा आणि तिपाई घेऊन दगडांवरून चालत गेली. आयझॅक मागोमाग, हातात फोटो घेऊन.

तिनं तिपाई लावली. एक पाय पलीकडे पाण्यात, दोन दगडांवर. आयझॅकनं काळ्या कापडात डोकं घातलं.

“सगळं उलटं दिसतंय!”

“तसंच दिसतं. तू घंटा बघ.”

“घंटा कड्यावर आलीय, खाचेत नाही.”

“मग ही माझी जागा नाही.” तिनं तिपाई वीतभर सरकवली. “आता?”

आयझॅक बराच वेळ कापडाखालून बाहेर आला नाही. काठावरून लेटिस ओरडली, “झोपलास की काय रे?”

“खाचेत आली,” तो आतून म्हणाला. “बरोब्बर फोटोतल्यासारखी.” बाहेर येऊन त्यानं खिशातून ओळंबा काढला. तो ओळंब्याशिवाय घराबाहेर पडत नसे. दोरी भिंगाला लावून त्यानं वजन खाली सोडलं. ते हललं, डुललं, मग थांबलं. ना अलीकडे, ना पलीकडे. नेमकं गडग्याच्या माथ्यावरच्या दगडावर.

काठावर कुजबुज झाली. लेटिसनं मोठ्यानं विचारलं, “आता गडगा कुणाचा, ते सांगा. आपला की त्यांचा?”

रेवन्सडेलमध्ये गडगा कुणाचा, हे विचारायची गरज पडत नाही. तो पडल्यावर जो दगड उचलतो, त्याचा. आणि हे टोक दर हिवाळ्यात पडायचं. वादळात तळं दगड गिळायचं आणि वसंतात आयझॅक मांडीभर गार पाण्यात उतरून ते एकेक करून परत चढवायचा. त्याआधी त्याचा बाप उतरायचा. किर्कबेकवाले कधी आले नाहीत, आणि त्यावरून आयझॅकनं त्यांना प्रत्येक मेंढीबाजारात टोमणे मारले होते.

आता तेच चौघं काठावर हाताची घडी घालून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, “सांग की आयझॅक. आमचा असेल तर इतक्या वर्षांची मजुरी पाठवून देऊ.”

आयझॅकचे कान लाल झाले. त्यानं थर्झाकडे पाहिलं. ती बोलली असती तर त्याला वाद घालायला बरं पडलं असतं. ती तिपाई धरून पाण्याकडे बघत राहिली, जणू कार्ड दुसऱ्याच कुणाचं होतं.

“तुमचा?” आयझॅक गरजला. “अरे, यातला दगड कुठला खाली, कुठला वर, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला? हा गडगा माझ्या आजानं पाण्यात नेला. बापानं राखला. मी राखतोय. टोकापर्यंत आपला आहे हा. रेवन्सडेलचा.”

“मग थर्झा कुठं उभी होती?” लेटिसनं विचारलं. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“बर्केटच्या गडग्यावर,” आयझॅक म्हणाला. “शिवेच्या आत.”

काठावर टाळ्या पडल्या. किर्कबेकच्या लोकांनीही दोन वाजवल्या. थर्झानं कॅमेरा मिटायला घेतला, आणि भाता तिच्याकडून पहिल्यांदाच वाकडा दुमडला गेला. तो सरळ करायला तिनं खूप वेळ लावला, मान वर न करता. आयझॅकनं न विचारता तिपाई खांद्यावर घेतली.

तंबूत फोटो त्यानं स्वतःच्या हातानं जागेवर लावला. दोन पावलं मागे सरून पाहिलं. पुन्हा जवळ गेला.

“थर्झा, यात माझा गडगा कुठंय?”

“दिसेल कसा? त्याच्यावर उभी होते ना मी.”

त्यानं मान डोलावली. मग संध्याकाळी तंबू उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही. जो येईल त्याला फोटोच्या खालच्या कडेच्याही खाली, जिथं काहीच नव्हतं, तिथं बोट ठेवून दाखवत राहिला, “आणि हा इथं आमचा गडगा.”