खिडकीच्या गजाला बांधलेले लंगोट

नागपूरच्या गाडीत समोरच्या बाकावर एक तरुण आई होती. बाळाचे धुतलेले लंगोट तिने खिडकीच्या गजांना बांधले होते आणि ते वाऱ्यावर फडफडत वाळत होते. मला राहवेना. "प्रवासात तरी डायपर घालावा की गं," मी म्हटलं.

"त्यात याला ओलं झालेलं कळतच नाही, काकू. कापडात लगेच कळतं. मग हा रडतो, आणि मला कळतं."

मी बाळाकडे पाहत राहिले. एक शब्दही येत नसताना, आपल्याला टोचतंय ते कुणाला तरी सांगायचं, एवढं त्याला उमगलं होतं. माणसाचं बोलणं इथूनच सुरू होत असेल का?

तेवढ्यात ते रडलं. "बघा, हाक मारली!" ती हसली. कोरडा लंगोट बांधताच ते शांत झालं. मी मात्र विचारात पडले. मला काही टोचलं, तर हल्ली मी कुणाला सांगते?