सुमेधा गजभियेची रायफल

रायफलींच्या कारखान्यातला तपासणी-प्रमुख ड्वाइट केसलर यानं हाताखालच्या सुमेधा गजभियेला नोकरीवरून काढलं, तो १९८२च्या मार्चमधला एक शुक्रवार होता. त्यानं टेबलावर तपासणीचं एक कार्ड ठेवलं, त्यावर बोट आपटलं आणि विचारलं, "ही सही तुझीच ना, सू?"

'सुमेधा' त्याच्या तोंडात बसत नसे, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यानं ते नाव कापून 'सू' करून टाकलं होतं. मराठी घरातली लहान मुलं हा शब्द केव्हा वापरतात, ते त्याला कोण सांगणार! तीन वर्षं ती त्या हाकेला निमूटपणे ओ देत आली होती.

कार्डावर 'एस. जी.' अशी अक्षरं होती, पण ती तिची नव्हती. तिचा 'जी' खाली वळायचा. हा सरळ होता, घाईत काढलेला. जानेवारीत तिनं रायफलच्या चाळीस बॅरल नापास केल्या होत्या. बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जी जागा असते, चेंबर म्हणतात तिला, ती या चाळिसांत मधोमध कापलेली नव्हती. तीन थाऊंचा फरक होता. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोळ्याला तो दिसत नाही, पण गोळीला कळतो. सुमेधानं प्रत्येक बॅरलला लाल चिठ्ठी बांधून कपाटात ठेवली होती. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई झाली तेव्हा कुणीतरी चिठ्ठ्या कापल्या, नवी कार्डं भरली आणि बॅरल रायफलींवर चढवल्या. त्या एका पोलीस खात्याकडे गेल्या. तिथून तक्रार आली, की शंभर यार्डांवर गोळ्या ताटभर पसरतात. ऑर्डर रद्द झाली, आणि दोष कुणाच्या तरी माथी मारायलाच हवा होता.

"ही सही माझी नाही," सुमेधा म्हणाली. "मी रिजेक्ट केल्या होत्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि तुमच्याकडे, दोघांकडेच आहे."

केसलरच्या मागे खुर्चीत कारखान्याचे म्हातारे मालक बसले होते. त्यांनी मान वर केली, केसलरकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात घातली.

"तुमच्याकडे चालत असेल असलं काम," केसलर म्हणाला. "इथे चालत नाही."

हा सूर तिच्या ओळखीचा होता. नागपुरात इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतल्या घरातून ती पॉलिटेक्निकला जायची, वर्गात एकटी मुलगी, तेव्हा हाच सूर तिनं मराठीत ऐकला होता. 'तुम्हा लोकांचं' असं सुरू होणारं वाक्य. ते संपण्याआधी उठून जायचं, असं तिचे वडील सांगत. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते. नागपुरात ती उठायची. इथे मात्र ती शेवटपर्यंत उभी राहिली, कारण तिला ते वाक्य पूर्ण लक्षात ठेवायचं होतं.

कारखाना स्टेट कॉलेज या गावापासून, त्यांच्या घरापासून, पाऊण तासावर होता. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. ईश्वर युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायचा. शांत माणूस.

"सोड ना," तो म्हणाला. "दुसरा जॉब मिळेल. असल्या माणसाच्या नादी लागून तुलाच त्रास."

"दुसरा जॉब शोधतेच आहे. पण सोडणार नाही."

त्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर ईश्वरनं मुद्दाम द्वेष आणि क्षमेबद्दलचं एक पान वाचून दाखवलं. सुमेधानं हात जोडून ऐकलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हे मला पाठ आहे, ईश्वर. मला वाचून दाखवू नकोस."

तिनं डूख धरला होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

महिन्याभरात तिला युनिव्हर्सिटीच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. प्रयोगशाळांना लागणारे बारीक भाग मोजायचे. काम चांगलं, माणसं चांगली. पण डोक्यात कारखानाच असायचा. दर सप्टेंबरात त्या कारखान्याच्या मैदानावर नेमबाजीची मोठी स्पर्धा भरायची. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच-पाच गोळ्या अशा पाच वेळा झाडायच्या. ज्याची भोकं एकमेकांच्या सर्वांत जवळ, तो जिंकला. लोक लांबून खास बनवून घेतलेल्या रायफली घेऊन येत, आणि ओळीनं तीन वर्षं केसलर कारखान्याची साधी रायफल घेऊन त्यांना हरवत आला होता. जाहिरातीत त्याचा हसरा फोटो असे: 'दुकानात मिळते, तीच ही रायफल.'

"मला रायफल घ्यायचीय," एका संध्याकाळी सुमेधा म्हणाली.

ईश्वरनं चहाचा कप खाली ठेवला. "कशाला?"

"घाबरू नकोस. माणसावर चालवायची नाहीये. त्याच्याच मैदानावर, त्याच्या नाकावर टिच्चून त्याला हरवायचंय."

कॉलेजात असताना एनसीसीत ती पॉइंट टू-टू रायफल चालवायची. तिच्या गोळ्या कागदावर एकाच भोकात जातात, असं तिचे सुभेदार सांगत. मूठभर मराठी घरांच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, ही बातमी पोचली, तेव्हा पुण्याच्या मीनाक्षीताई नवलानं म्हणाल्या, "अगं, तुम्ही बौद्ध माणसं ना? आणि बंदूक?"

"कागदाला मारते मी, मीनाक्षीताई. कागदाला यातना होत नाहीत."

आधी तिच्या मनात एकच होतं, कारखान्याचीच रायफल घ्यायची. तीन वर्षं हजारो बॅरल तिच्या हातांखालून गेल्या होत्या. हजारांत एखादी अशी निघते, की ती नशिबानंच निर्दोष झालेली असते, हे तिला ठाऊक होतं. ती शनिवारी-शनिवारी गावोगावच्या दुकानांत जाऊन रायफली बघू लागली. अल्टूनाच्या दुकानदारानं विचारलं, "नवऱ्यासाठी का?" तिनं बोल्ट, म्हणजे बॅरलचं मागचं तोंड बंद करणारी सरकती दांडी, काढला, बॅरल खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि आत पाहत राहिली. नळीच्या आतली वर्तुळं एकात एक, कुठंही न कलंडता शेवटपर्यंत गेली होती. तशी तिनं तीन वर्षांत दोनच पाहिली होती. तिनं ती रायफल बाजूला ठेवायला सांगितली आणि तिथून थेट क्लॅरन्सकडे गेली.

क्लॅरन्स हॉस्टेटलर सत्तरीचा होता. डोंगराच्या कुशीतल्या घरामागच्या शेडमध्ये तो एकटा रायफली बनवायचा, वर्षाला आठ-दहा. पूर्वी तो त्याच कारखान्यात होता.

"रायफल सापडली," सुमेधा म्हणाली. "खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता तेवढा नीट बसवून द्या. त्यांनी काढलेल्या बाईनं त्यांचीच दुकानातली रायफल घेऊन त्यांच्या माणसाला हरवायचं. याहून मोठी थप्पड कुठली?"

क्लॅरन्सनं लेथ बंद केली. हात पुसले.

"जिंकलीस असं समजू. मग पुढच्या महिन्यात काय होईल?"

"काय होईल?"

"तुझा फोटो जाहिरातीत येईल. 'भारतीय गृहिणीसुद्धा आमच्या रायफलनं जिंकते.' ऑर्डरी वाढतील. केसलरला बढती. तू त्यांचा माल विकून देशील, पोरी, तोही फुकट."

सुमेधा स्टुलावर बसली. हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. तिच्या अंगाची लाही झाली, आणि राग या खेपेला स्वतःवरच होता.

"आणि तुमच्या रायफलनं जिंकले तर?"

"तर ते म्हणतील, महिनोन् महिने हातानं घडवलेली, तिप्पट किमतीची वस्तू आहे. जिंकणारच."

"म्हणजे दोन्हीकडून त्यालाच पळवाट."

"असं दिसतं खरं."

शेडमध्ये तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. टेबलावर एक अर्धवट रायफल उघडी पडली होती. सुमेधानं तिच्या चेंबरमध्ये मोजायचा काटा घातला आणि बॅरल हळूच फिरवली. काटा हललाच नाही. तिनं पुन्हा फिरवली. कारखान्यात अशी गोष्ट नशिबानं होई. या म्हाताऱ्यानं ती ठरवून केली होती.

"दुकानातली नको," ती म्हणाली. "नशिबानं जिंकले असं कुणी म्हणायला नको, आणि माझ्या जिंकण्यातला एक पैसाही त्यांच्याकडे जायला नको. महाग होती म्हणतील? म्हणू देत. पण आधी हरलो असं तर म्हणावं लागेल."

रायफल बनायला दीड वर्ष लागलं. क्लॅरन्स कापायचा, सुमेधा मोजायची. तिच्या खांद्याच्या मापानं अक्रोडाचा दस्ता आखूड केला. चेंबर इतकं तंग कापलं, की दुकानातलं काडतूस त्यात जाईना. काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान, म्हणजे गोळी पकडणारं तोंड, लेथवर कातून बारीक केली, तरच ती आत बसे. अशा तंग चेंबरमध्ये पुंगळी डळमळत नाही आणि गोळी सरळ निघते. म्हणून प्रत्येक काडतूस ती स्वतःच्या हातानं भरायला शिकली. दर रविवारी नेमबाजीच्या एका क्लबच्या मैदानावर जाऊन ती गोळ्या झाडायची आणि कागद घरी आणून भोकांमधलं अंतर मोजायची. ईश्वर सोबत जाऊ लागला. "माझ्या मातीतसुद्धा मी इतकं मन घालत नाही," तो एकदा म्हणाला. सुमेधा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे कागद नव्हता, ते टेबल होतं आणि त्यावर आपटणारं बोट होतं.

१९८४च्या सप्टेंबरातल्या त्या सकाळी तिला नेमकं केसलरच्या शेजारचं टेबल मिळालं.

"सू!" तो मोठ्यानं म्हणाला. "तू? आणि ही कुणाची रायफल, म्हाताऱ्या क्लॅरन्सची? दुकानातली तुझ्यानं चालली नाही का?" मागे चार लोक हसले.

"माझं नाव सुमेधा," ती म्हणाली. एवढंच.

चार फेऱ्या झाल्या. रागानं माणूस कापतो असं ती ऐकून होती, पण तिचा राग अडीच वर्षांत गार होऊन घट्ट बसला होता. झेंडे पाहून ती वारा ओळखायची, तो पडेपर्यंत थांबायची आणि मग चाप दाबायची. पाठीमागे फळ्यावर आकडे चढत होते. केसलर पुढे होता, पण केसाएवढाच.

पाचव्या फेरीआधी केसलरनं बोल्ट ओढला, रिकामी पुंगळी टेबलावर आपटून घरंगळली आणि सुमेधाच्या पायाशी येऊन थांबली. तिनं ती उचलली. द्यायला म्हणून हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. कारखान्यात तिनं अशा हजारो पुंगळ्या मोजल्या होत्या. कारखान्याच्या सैल चेंबरमधून आलेल्या पुंगळीची मान फुगते. ही फुगलेली नव्हती. मानेवर कातल्याची बारीक, चकचकीत रेघही होती. तिनं पेटीतून मायक्रोमीटर काढला. कारखान्याच्या पुंगळीपेक्षा ही मान बारा थाऊंनी बारीक होती.

"माझी आहे ती!" केसलरनं झडप घालून पुंगळी घेतली. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

सुमेधा पुन्हा आपल्या रायफलमागे बसली. तिनं पाचवी फेरी पूर्ण केली. शेवटचे आकडे लागले, तेव्हा केसलर पहिला आणि ती दुसरी, फरक दोन थाऊंचा. टाळ्या वाजल्या. कारखान्याचे मालक ढाल घेऊन पुढे आले. तेव्हा ती पंचांकडे गेली. स्पर्धेच्या नियमांचा कागद खांबाला डकवलेला होता. तिनं नवव्या कलमावर बोट ठेवलं.

"पहिल्या आलेल्या रायफलची तपासणी मागते आहे मी."

"कशाबद्दल?" पंचांनी विचारलं.

"मिस्टर केसलरनी अर्जात 'कारखान्याची, न बदललेली' असं लिहिलंय. तसं असेल तर तुमच्या दुकानातलं कुठलंही काडतूस तिच्यात जाईल. घालून बघा."

मैदानावरच्या दुकानातून नवी पेटी आणली गेली. पंचांनी सर्वांना मागे सरायला सांगितलं, रायफलचं तोंड मातीच्या बांधाकडे केलं, काडतूस आत सरकवलं आणि बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट अर्ध्यावर अडला. त्यांनी दुसरं काडतूस घेतलं. तेही अडलं. तिसऱ्याला मालक स्वतः पुढे झाले. बोल्ट बंद होईना.

"असं होतं कधीकधी, मळ साचतो…" केसलर म्हणाला.

"दस्ता काढा," मालक म्हणाले.

दस्ता काढला. बॅरलच्या खालच्या अंगाला, लाकडाखाली झाकलेल्या जागी, ओहायोतल्या एका कारागिराचा शिक्का होता. तो माणूस खास रायफलींसाठी बॅरल बनवायचा, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. वर्षानुवर्षं खास रायफलींना हसणारा माणूस लपूनछपून खास रायफलच वापरत होता. कुणी शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. लोक नुसते एक-एक पाऊल मागे सरकले, आणि केसलर मोकळ्या जागेत एकटा उरला. सुमेधानं ते चित्र डोळे भरून पाहिलं. घाई केली नाही.

ढाल तिला मिळाली. मालकांनी हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या चाळीस बॅरलींबद्दल… आपण एकदा बोलायला हवं."

"अडीच वर्षांपूर्वी तुम्ही तिथेच बसला होतात," ती म्हणाली. "तेव्हा बोलायचं होतं." आणि तिनं हात मिळवला नाही.

गाडीपाशी केसलर आला. त्याची टोपी हातात होती. एकदम म्हातारा दिसत होता.

"माझी एकोणीस वर्षांची नोकरी गेली," तो म्हणाला. "आता झालं तुझं समाधान?"

कुणालाही वाटलं असतं, की आता ती नरमेल. ईश्वरलाही वाटलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"हो," सुमेधा म्हणाली. "झालं."

तिनं रायफल पेटीत ठेवली, क्लॅरन्सला त्याच्या ट्रकपर्यंत सोडून आली आणि गाडीत बसली. ईश्वरनं गाडी हमरस्त्याला घेतली. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं पिवळी पडली होती.

"एवढं कठोर व्हायला हवं होतं का?" शेवटी ईश्वरनं विचारलं.

"मला माहीत नाही. पण खोटं बोलले नाही मी. खरंच बरं वाटलं." तिनं काच खाली केली. "पुढे एखादं जेवायचं ठिकाण दिसलं तर थांबव. सकाळपासून काही खाल्लं नाहीये, आणि आता सपाटून भूक लागलीय."