ठसका न लागलेली आग

आग ही नाकाने बघायची गोष्ट आहे असं मानणारा माणूस आख्ख्या पोलीस खात्यात एकच झाला असेल, आणि तो नंदुरबारात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. बाकीचे पोलीस जळालेल्या जागी पोचले की आधी मालकाचं तोंड बघत. आमचे जमादार मालकाकडे पाठ करून आधी बूट काढत. पाय भाजले तर जागा अजून ताजी आहे हेही त्यातच कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग ते पालथे पडत आणि नाक राखेपासून चार बोटांवर धरून खोलीभर सरपटत. त्यासाठी खाकी पँटच्या गुडघ्यांना त्यांनी बायकोकडून आतून ठिगळं लावून घेतली होती. ठिगळं फुलाफुलांची होती, पण आतून असल्यामुळे खात्याची त्याला हरकत नव्हती.

हे नाक घरीही रजेवर जात नसे. लग्नाच्या पंगतीत पहिलं वाढप चालू असताना ते उठून आचाऱ्याला सांगायला जात की वांग्याची भाजी खाली लागते आहे. आचारी चिडत, आणि दहा मिनिटांनी भाजी लागत असे. होळीच्या दुसऱ्या दिवशी ते सकाळीच राखेभोवती दोन चकरा मारत. एका वर्षी त्यांनी त्या राखेतून एक बिजागरी उचलली, उलटसुलट केली आणि गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या हातात ठेवली. "हाई तुमना फाटकनी शे मास्तर. निळा रंग व्हता ना?" मास्तर तोपर्यंत फाटक चोरीला गेल्याची तक्रार लिहीत बसले होते. त्यांचा स्वतःचा नातू होळीला लाकडं गोळा करत फिरला होता, हे जमादारांनी सांगितलं नाही. तेही त्यांना वासावरूनच कळलं असावं.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल. अक्षर बरं, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यामुळे जळालेल्या जागेचा पंचनामा करायचा झाला की पंच म्हणून माझं नाव पुढे येई. मी कोपऱ्यात उभा राहून लिहायचो आणि जमादार जमिनीवरून बोलायचे. "आग वर चढस सर, पानी खाल उतरस. मानूस मात्र कोठेबी जास." हे वाक्य पंचनाम्यात घ्यायचं नाही, हे मला पहिल्याच वेळी कळलं. खांब कोणत्या बाजूने जास्त जळला ते बघा, आग त्या बाजूने आली, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण शेवटचा शब्द नेहमी नाकाचा. नाक 'रॉकेल' म्हणालं की खांब, भिंती आणि साक्षीदार सगळे गप्प.

मग कोरोना आला आणि नाक घेऊन गेला. हे प्रथम त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेलं करपलं, धूर आमच्याकडे आला, आणि जमादार ओट्याशेजारी बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. महिन्याभराने ते ग्रंथालयात आले, कपाटांच्या मागे मला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "सर, मन्हं नाक गयं. नोकरीना तीन वरीस बाकी शेतस. कोनले सांगू नका."

त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झालो. ते पूर्वीसारखेच पालथे पडत, सरपटत, जोरात श्वास ओढत आणि मग माझ्याकडे बघत. मी पेन कानाला लावलं तर रॉकेल, चष्मा पुसला तर काही नाही. रॉकेल मिळेनासं झाल्यावर डिझेलसाठी खोकायचं ठरलं. माझ्यासारख्या भित्र्या माणसाने आयुष्यात केलेली ही एकमेव लबाडी, आणि मला ती फार आवडत होती.

अशातच मिरचीच्या हंगामात बाहेरच्या रस्त्यावरचं एक गोदाम भर दुपारी जळालं. व्यापारी म्हणाले, पोत्यांची थप्पी छतापर्यंत होती, सगळी मिरची गेली. राखणदारणीच्या चुलीची ठिणगी उडाली. राखणदारीण डोंगरातल्या मोलगीकडची, भुरीबाई. गोदामाच्या पत्र्याच्या पडवीत राहायची. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. तिला घरचीच बोली येई. मराठीतलं एकच वाक्य जमवून ते ती सगळ्यांना सांगत होती. "चूल विझवली. पाणी टाकलं." ठाण्यातल्या साहेबांचं मत झालेलं होतं. पंचनाम्यात 'चूल' हा शब्द आला की तिला गाडीत बसवायचं, एवढंच बाकी होतं.

जमादार चुलीपाशी पालथे पडले, श्वास ओढला आणि माझ्याकडे बघितलं. चुलीपाशी डिझेलचा वास होता. अगदी स्पष्ट. ओल्या काड्या पेटवायला बाई चिंधी बुडवून घेत असणार. चिंधी कोपऱ्यात पडलेलीही होती. मी खोकायला हवं होतं. भुरीबाई माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसला.

जमादार उठले. नाकाने काहीच दिलं नाही म्हटल्यावर त्यांना डोळे वापरावे लागले. दाराचा खांब त्यांनी हाताने चाचपला. चुलीकडची बाजू जवळजवळ कोरी, आतली बाजू कोळसा. म्हणजे आग आतून बाहेर आली होती. ते आत शिरले, काठीने राख उकरली, मी मागे उभा राहून लिहीत होतो. एकदम ते थांबले आणि माझ्याकडे टक लावून बघू लागले.

"सर, तुमले ठसका लागना का?"

"नाही."

"शिंक?"

"नाही."

"डोया चुरचुरतस?"

"अजिबात नाही."

"मंग मिरची बयनी कोठे?"

नंदुरबारात फोडणीत दोन मिरच्या जास्त पडल्या तरी शेजारचं घर खोकतं. इथे म्हणे गोदामभर जळाली होती. जमादार बूट न घालताच वस्तीत गेले आणि घरोघर विचारू लागले, काल दुपारी खोकला आला का? एक म्हातारी त्यांना दवाखान्याचा माणूसच समजली. "भाऊ, माले ते तीन वरीसपासून खोकला शे. गोया दी ऱ्हायनात का?"

"काल दुपारनी नवी उबळ वनी का, माय?"

"नही भाऊ. काल ते उलट बरं वाटनं."

साहेब ठाण्यात हसून म्हणाले, "जमादार, आग तपासताय की टीबी?" पण मी पंचनाम्यात लिहिलं, आणि हे वाक्य मात्र जमादारांनी मुद्दाम घ्यायला लावलं: 'घटनास्थळी हजर असलेल्यांपैकी कोणासही ठसका लागला नाही.' पुढे प्रयोगशाळेने ती राख नुसत्या बारदानाची ठरवली, आणि मिरची व्यापाऱ्यांच्याच दुसऱ्या गोदामात धडधाकट सापडली. भुरीबाईला कुणी गाडीत बसवलं नाही. ती प्रवासी जीपने आपल्या गावी गेली.

जमादार निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी आजारी पडले. एका संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. ते छताकडे बघत म्हणाले, "चूलजोडे वास व्हता ना, सर?"

"होता. डिझेलचा."

"मंग काबर नही सांगं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुढे काही बघितलं नसतं."

मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, "बराबर शे." मग कुशीवर वळून म्हणाले, "तापीकाठना एक मानूस शे. कडबानी गंजी बयनी व्हती. त्याना हातले रॉकेलना वास वना, मी लगेच गाडीमा बसाडं. घरमा कंदील शे का, तेवढं इचारं नही. तवय मन्हं नाक चांगलं व्हतं."

बरे झालात की आपण दोघं त्याच्याकडे जाऊन येऊ, असं मी म्हणालो. "चाला," ते म्हणाले. माघात ते गेले.

त्या माणसाचं नाव मी विचारलं नव्हतं, गावही नाही. त्यांच्या बायकोला माहीत नाही. मी ग्रंथपाल, हरवलेलं शोधणं हेच माझं काम. पण नाव नसलेला, गाव नसलेला माणूस शोधायला सुरुवात कुठून करायची, हे मला कळत नाही. जमादारांना कळलं असतं.