ऑपरेशनच्या आदल्या दुपारचं गाणं

लवंगेचा वास आला की मला मँचेस्टरच्या हॉस्पिटलमधल्या एक बाई आठवतात, घशासाठी सतत लवंग चघळणाऱ्या. त्या त्रिनिदादच्या गायिका, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर नायिका झालेल्या पहिल्या काळ्या नट्यांपैकी एक. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढायचं होतं आणि भूल मी देणार होते. आदल्या दुपारी त्यांनी मला विचारलं, "नंतर गाता येईल?" मी "नाही" म्हणाले. "वर्षानुवर्षं मला मोलकरणीच्याच भूमिका दिल्या, तेव्हा गाण्यानंच मला उभं ठेवलं," त्या म्हणाल्या. "बस पोरी, ऐक." मग ताठ बसून, घोगऱ्या आवाजात, त्यांनी आईची अंगाई शेवटपर्यंत गायली. सकाळी भुलीचा मास्क लावताना त्यांच्या आवाजातला शेवटचा शब्द, 'थँक्यू', मीच ऐकला. आजही मास्क लावण्याआधी मी पेशंटजवळ क्षणभर थांबते, त्यांना काही बोलायचं असेल तर.