वाघूळबाईंचा वैताग

आमच्या शाळेत चौथीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना सगळे वाघूळबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. शाळेमागच्या जुन्या झाडावर वटवाघळांची भली मोठी वसाहत होती आणि बाईंचा त्यांच्यावर फार जीव होता. त्या वर्षी मात्र याच प्रेमापायी त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

वर्गात त्यांनी सहज विचारलं, "वटवाघळाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?"

"बाई, ते आंधळं असतं!"

"रक्त पितं!"

"बाई, ते तोंडाने शी करतं!"

वर्ग खिदळायला लागला. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. मग सांगत बसल्या, की त्याला चांगलं दिसतं, ते पक्षी नाही, पिल्लाला दूध पाजतं. आपल्या झाडावरची वटवाघळं फळं खातात. फळ चावून रस गिळतात आणि चोथा थुंकतात. तो पडताना पाहून कुणीतरी ही आवई उठवली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने शांतपणे विचारलं, "म्हणजे तोंडातून पडतंच ना, बाई?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीचे वडील शाळेत हजर. "पोरगी रात्री दचकून उठते. ते झाड तोडून टाका." बघता बघता आणखी पालक त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले. मुख्याध्यापक दोन्ही बाजूंना "बघू, बघू" म्हणत राहिले.

घरी तरी शांतता असावी! थोरली बहीण पार्लर चालवायची. ती म्हणाली, "अगं, माझ्या गिऱ्हाइकाच्या जावेच्या केसांत वटवाघूळ अडकलं होतं. शेवटी केस कापावे लागले."

"ताई, तू पाहिलंस?"

"मी कशाला पाहू?"

"मग त्या गिऱ्हाइकाने?"

"जावेने पाहिलं असेल की! तिचेच केस ना!"

बाईंनी कपाळावर हात मारला. सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांना बजावलं, "तोडायचं तर तोडा. पण आधी सगळ्यांनी एकदा संध्याकाळी येऊन बघा."

सगळे आले. ताई डोक्याला घट्ट रुमाल बांधून आली. कुणी खालचं उष्टं फळ उचलायचं नाही, वटवाघळाला हात लावायचा नाही आणि झाडाच्या थेट खाली उभं राहायचं नाही, असं बाईंनी तीनतीनदा सांगितलं. मुख्याध्यापक नेमके तिथेच उभे राहिले.

बाईंनी अंबाडा सोडला आणि मोकळ्या केसांनी त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. अंधारून आलं तशी वटवाघळं सुटली. डोक्यावरून नुसता काळा ओघ वाहत होता. बाईंच्या केसाला एकानेही धक्का लावला नाही. तक्रार करणारे वडील लेकीला खांद्यावर घेऊन आ वासून बघत होते.

तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या बाहीवर पचकन काहीतरी पडलं.

"बाई, मागून आलं! मी पाहिलं!" खांद्यावरची मुलगी किंचाळली. मुख्याध्यापक सोडून सगळे पोट धरून हसले.

झाड वाचलं. झाडाखालच्या पाण्याच्या टाकीवर तेवढं पक्कं झाकण बसवायचं ठरलं. घरी जाताना ताई म्हणाली, "आज वारा होता, म्हणून तुझे केस वाचले."

बाईंनी रिक्षा थांबवली, ताईला आत बसवलं आणि स्वतः पायी घरी गेल्या.