मामंजींचा ओढा

सबंध हुलसूर भागात माणसांपेक्षा पाण्याशी जास्त घरोबा असलेला गृहस्थ एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा सासरा होता. मामंजी शाळेत मास्तर होते, पण त्यांचा खरा वर्ग भरायचा गावाखालच्या ओढ्यात. तांबडं फुटलं की धोतर खोचून पाण्यात उतरायचे, दगड उलटे करून खालच्या झिंग्यांची हजेरी घ्यायचे आणि तेलाच्या जुन्या बाटलीत पाणी भरून उजेडाकडे धरून बघायचे. झिंगे दिसले की त्यांचा चेहरा जसा फुलायचा तसा मुलगा पास झाला तेव्हाही फुलला नव्हता, असं सासूबाई सांगत. "झिंगा लई मानी असतो सूनबाई," ते मला म्हणत. "पाणी बिघडलं की तक्रार करीत न्हाई, सरळ घर सोडतो."

दारात आलेल्या पाहुण्याला त्यांचा पहिला प्रश्न, "कुठलं पाणी पिऊन आलाव?" बसवकल्याणहून आलेला एक बिचारा "बसस्टँडवरचं" म्हणाला, तर जेवणाआधी त्याला सुंठेचा काढा प्यावा लागला. ओढ्याचे त्यांनी वाटे पाडले होते: वर वाळूतले पिण्याचे झिरे, मध्ये धुणं, खाली जनावरं. कुणाची म्हैस वर चढली की मास्तर दखनी उर्दूत उतरत, "भैंस कू नीचे ले जाव मियाँ!" वरच्या झिऱ्यावर कुणी भरायचं यावरून कुरकुर झाली, तेव्हा "जागा कामावरून ठरंल, जातीवरून न्हाई" म्हणून त्यांनी विषय मिटवला. पहिली घागर बौद्ध वस्तीतल्या अक्कांनी भरली, आणि त्यांच्यामागं रांगेत घागर घेऊन मामंजी स्वतः उभे होते.

मला सातवा महिना लागला आणि झिऱ्याच्या पाण्याला वास यायला लागला. मामंजींनी ओढ्यातले दगड उलटून उलटून बघितले. एक झिंगा नाही. काठाकाठानं ते वर चालत गेले आणि तोंड पाडून परतले. वरच्या गावच्या डोहात कुणीतरी दोरांसाठी वाख काढायला अंबाडीचे भारे कुजत घातले होते. वरचं गाव म्हणजे माझं माहेर, आणि भारे माझ्या अप्पांचे! व्याह्याव्याह्यांत जुंपली तर बाळंतपणाला कुठल्या तोंडानं जायचं, या विचारानं माझी झोप उडाली.

मला पोचवायच्या निमित्तानं मामंजी बैलगाडीत बसले. माहेरी ताटं वाढली, आईनं तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. पिशवीतून बाटली काढून काळपट, कुजकट पाणी फुलपात्रात ओतलं आणि शांतपणे तोंडाकडे नेलं.

अप्पांनी झडप घालून हात धरला. "व्याही! हे काय करायलाव?"

"कामून? तुमच्याच डोहाखालचं हाय. तुमची लेक हेच पिऊन आलीय."

अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग उठून त्यांनी ते फुलपात्र बाहेर रिकामं केलं. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई हो."

"म्हणून तर आलो. आता वाढा, लई भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी दोघे व्याही डोहात उतरून भारे ओढत होते. ओढ्यापासून लांब रानात खड्डा खणला, त्यात अंबाडी घातली, आणि काम आटपेपर्यंत मामंजी हलले नाहीत. परतले तेव्हा अंगाला असा वास, की सासूबाईंनी त्यांना उंबराही ओलांडू दिला नाही. झिंगे मात्र पुढच्या पावसाळ्यानंतरच परत आले.

पुढं गावात हातपंप आला. बायकांचे हेलपाटे वाचले म्हणून सगळ्यात जास्त मामंजीच खूश झाले. ओढ्यावर मग धुण्याखेरीज कुणी फिरकेना, पण त्यांचं जाणं सुटलं नाही. "आता कुणासाठी बघता?" मी एकदा विचारलं. "मी न्हाई गेलो, तर वढ्याला कोण इचारणार?" ते म्हणाले.

ते गेले त्या दिवशी अप्पा गाडीरस्ता सोडून ओढ्याकाठानं चालत आले. अंगणात माणसं जमली होती. अप्पांचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पाणी चांगलं हाय, बाळा," एवढंच म्हणाले, आणि ओसरीच्या कडेला बसून लहान पोरासारखे रडायला लागले.