डावं दार ताईचं

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅफेटेरियात सूप घेऊन बसले होते. "अनू, शैला गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी गॅरेजमध्ये काम करता करता ताई खाली बसली आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत सगळं संपलं. मी उठले, पर्स घेतली, पार्किंगपर्यंत चालत गेले. तिथे मनात जे आलं, ते सहा आठवडे झाले तरी मी कोणाला सांगितलेलं नाही. आता नागपूरला बाबांना कळवायला हवं, हे आलं. आणि त्याच्या मागोमाग आलं, मी गेले असते तर बाबा तिच्यासाठी रडतील तितके माझ्यासाठी रडले असते का?... सख्खी बहीण गेल्यावरचा पहिला विचार हा. लिहायचं तर इथूनच लिहायला हवं.

बाबांचं नागपुरात गाड्यांच्या सीटा मढवायचं दुकान होतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळा सुटली की ती दुकानात जायची, मी क्लासला. माझा निकाल बाबा शिलाई मशीनवरून मान वर न करता ऐकायचे, "छान" म्हणायचे आणि पुन्हा पाय चालवायचे. ताईने पहिलं सीटकव्हर शिवलं त्या दिवशी मात्र त्यांनी ते उन्हात नेलं, शिवणीवरून अंगठा फिरवला, शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दाखवलं. त्याच आठवड्यात मी वर्गात पहिली आले होते.

पुढे मी इंजिनिअर झाले, अमेरिकेत आले आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. इथे शिवणीला कोण विचारतंय? मग भाऊजींना इथे जवळच, अर्विंग गावात नोकरी लागली आणि ताई माझ्यापासून वीस मिनिटांवर राहायला आली. व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती. भाऊजींच्या जुन्या गाडीचे मागच्या दारांतले स्पीकर फाटले, तेव्हा तिने एका दुपारी दाराचं आतलं पॅनल उचकटून काढलं. नवे स्पीकर मूळ भोकापेक्षा मोठे निघाले. दुसऱ्या कोणी ते परत करून लहान आणले असते. ताईने भोकच कापून वाढवलं, लाकडाची गोल कडी बसवली, तिच्यावर कापड ताणून वाळल्यावर कडक होणारं रेझिन चढवलं, घासून गुळगुळीत केलं आणि वरून काळं रेग्झिन असं मढवलं की स्पीकर दारातूनच उगवल्यासारखा दिसू लागला. जाळीसुद्धा लावली नाही. "वाजतो तो दिसू दे नं," म्हणाली.

त्यानंतर आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांच्या गाड्या तिच्या गॅरेजमधून फिरून आल्या. एकदा दिवाळीच्या पॉटलक जेवणाला मी जरा उशिरा पोचले. त्याच आठवड्यात मी डायरेक्टर झाले होते, साडीही नवी होती. हॉलमध्ये कोणी नाही. सगळे पार्किंगमध्ये, कुलकर्ण्यांच्या गाडीची चारी दारं उघडी आणि ताई मधोमध. "काय फिनिश आहे, यार!" कोणीतरी म्हणत होतं. मी जवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अमेरिकेत यायचं ते गाड्यांची प्लॅस्टिकं कापायला!" कोणी हसलं नाही. ताई हात पुसत म्हणाली, "मी कुठे शिकलेय गं? शिकलीस तर तू." आणि तिनेच सगळ्यांना माझ्या प्रमोशनची बातमी दिली. तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता. तिला माझा हेवा कधी वाटलाच नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग यायचा.

माझ्या गाडीला मी तिला कधी हात लावू दिला नाही. या एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर बाबांनीच विचारलं, "शैला, अनूच्या गाडीचं काऊन नाही केलं तू?" ताई म्हणाली, "ती म्हणेल तेव्हा करीन." बाबांसमोर नाही कसं म्हणणार? तिने मागच्या दारांची दोन्ही पॅनलं काढून नेली. डावं मढवायच्या दिवशी मला मदतीला बोलावलं. मी रेग्झिन धरलं, ती हीट गनच्या गरम हवेने ते शेकत होती. "ओढू नको, अनू. नुसतं धर." मी ओढलंच. तिने ते सोडवलं, पुन्हा शेकलं... तिची बोटं गोल कडेवरून फिरत होती आणि मी त्या बोटांकडे बघत होते. उजवं पुढच्या आठवड्यात करू, असं ठरलं. तो आठवडा तिला मिळाला नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर मीच सांगितलं. ते रडले नाहीत. फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. पाऊण तास मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

तेरावं झाल्यावर भाऊजींनी उजवं पॅनल आणून दिलं, घासून तयार, वर रेग्झिन चढायचं बाकी. इथल्या एखाद्या दुकानात दिलं असतं तर अर्ध्या दिवसात झालं असतं. मी ते परत ताईच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिचाच गोंद, तिचीच कात्री. दोन शनिवार गेले. गोल कडेला तीन सुरकुत्या पडल्या, त्या काही केल्या जाईनात. तसंच बसवलं, आणि संध्याकाळी, म्हणजे बाबांच्या सकाळच्या चहाच्या वेळी, त्यांना फोनवर दोन्ही दारं दाखवली. डाव्यापाशी त्यांनी मला बराच वेळ हलू दिलं नाही. मग उजवं.

"हे?"

"माझं, बाबा."

"सुरकुती पडली नं."

"हो."

"शेकलं कमी तू. आणि मधातून सुरुवात केली नसशील. जवळ घे जरा."

मग ते सांगत राहिले. गोलाला कुठून हात घालायचा, अंगठा कुठे दाबायचा, गोंद किती सुकू द्यायचा... मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. त्यांचा चहा गार झाला तरी ते थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्याशी इतकं सलग बोलत होते, आणि मला ताईचा हेवा वाटत होता, पूर्वीपेक्षाही जास्त. हे तिला रोज मिळालं होतं, शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत. फोन ठेवताना ते म्हणाले, "उकलून पुन्हा लाव. झालं की दाखव."

त्यानंतर मी ते दोनदा उकलून लावलं. गेल्या शनिवारी एकही सुरकुती पडली नाही. बाबांना फोन लावण्याआधी मी एका कडेचं रेग्झिन नखाने जरासं उचललं, एक सुरकुती पडेल इतकंच.